‘हो, पण…’ : माणसं एकमेकांशी खेळतात ते मनाचे डाव

चार माणसं गप्पा मारत बसली आहेत. त्यातला एक जण म्हणतो, “पोरगा अभ्यासच करत नाही. काय करावं कळत नाही.” लगेच सल्ले सुरू होतात. क्लास लाव. हो, पण क्लास फार लांब आहे. मग घरी शिकवणी ठेव. हो, पण घरी त्याचं लक्ष लागत नाही. तूच बस ना त्याच्याजवळ तासभर. हो, पण ऑफिसातून यायलाच आठ वाजतात. मोबाइल काढून घे. हो, पण शाळेचं सगळं मोबाइलवरच येतं. पाच-सात फेऱ्या झाल्या की सल्ला देणारे थकतात आणि कुणीतरी क्रिकेटकडे वळतं. ज्यानं प्रश्न मांडला त्याच्या चेहऱ्यावर मात्र या वेळी चिंता नसते, उलट थोडं समाधान असतं.

एरिक बर्न या मनोविकारतज्ज्ञाला ज्या एका संवादावरून ‘मानसिक खेळ’ ही कल्पना सुचली, तो संवाद याच जातीचा. बर्न यांच्या उदाहरणात एक बाई तक्रार करते की घरातली दुरुस्ती नवरा स्वतःच करायला जातो आणि धड काहीच करत नाही. त्यानं सुतारकाम शिकावं, चांगली हत्यारं आणावीत, बाहेरचा माणूस बोलवावा, अशी प्रत्येक सूचना ती ‘हो, पण’ म्हणून परतवते. गटोपचार करणाऱ्या जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही १९५२ साली मदत मागून मदत नाकारणारा असा रुग्ण टिपून ठेवला होता. बर्न यांचं वेगळेपण असं, की त्यांनी त्या बाईचा स्वभाव तपासण्याऐवजी या संवादातून तिच्या पदरात काय पडतं ते विचारलं. वरवर पाहता दोन प्रौढ माणसं एक अडचण सोडवत असतात. आतून तिच्यातलं बालक समोरच्यांमधल्या पालकांना दाखवून देत असतं की तुमच्या शहाणपणाचा माझ्यापुढे काही उपयोग नाही. तोडगा निघाला असता तर हे समाधान मिळालं नसतं.

बर्न १९१० साली मॉन्ट्रियलमध्ये जन्मले. वडील डॉक्टर होते. मुलानंही मॅकगिल विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली आणि पुढे तो अमेरिकेत स्थायिक झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्करात असताना त्यांना घरी परतणाऱ्या सैनिकांची भराभर तपासणी करावी लागे. एकेकाला जेमतेम मिनिटभर मिळायचं. तेवढ्या वेळात, नुसतं माणसाकडे बघून त्याचा पूर्वीचा व्यवसाय ओळखायचा नाद त्यांनी स्वतःला लावून घेतला. माणूस बोलतो काय यापेक्षा तो बसतो कसा, बघतो कसा, सूर कुठे चढवतो याकडे त्यांचं लक्ष गेलं ते तिथून. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या मनोविश्लेषण संस्थेनं १९५६ साली त्यांना सदस्यत्व नाकारलं आणि त्यांनी आपली वेगळी वाट धरली. प्रत्येक माणसात पालक, प्रौढ आणि बालक अशा तीन अवस्था असतात, आणि दोन माणसांमधल्या देवाणघेवाणीत कोणाची कोणती अवस्था बोलते आहे ते पाहायचं, ही ती वाट. १९६४ साली त्यांचं ‘गेम्स पीपल प्ले’ प्रसिद्ध झालं. वास्तविक ते तज्ज्ञांच्या कामाचं पुस्तक होतं, पण सामान्य वाचकांनी ते उचलून धरलं. ‘खेळ’ हा शब्द तेव्हापासून घराघरात आरोपासारखा वापरला जाऊ लागला. “तू माझ्याशी गेम खेळतोयस,” हा तो आरोप.

बर्न यांना मात्र आरोप करायचा नव्हता. त्यांच्या व्याख्येतला खेळ म्हणजे ठरवून केलेली फसवणूक नाही. खेळणाऱ्याला बहुतेक वेळा आपण खेळतो आहोत याचा पत्ताच नसतो. वरचं बोलणं सरळ असतं, खाली दुसरंच काही चाललेलं असतं आणि शेवट दर वेळी तोच होतो. हा शेवट, म्हणजे त्या क्षणी मनात येणारी ठरावीक भावना, हेच खेळाचं फळ. कुणाला ‘सगळे माझ्यावरच उठतात’ हे दुःख हवं असतं, तर कुणाला ‘बघा, शेवटी मीच खरा’ हा राग. माणूस वाईट भावनेची कमाई करायला का जातो, याचं उत्तर बर्न दखलेच्या भुकेत शोधतात. रेने स्पिट्झ यांनी १९४० च्या दशकात अनाथालयातल्या तान्ह्या मुलांचा अभ्यास केला होता. अन्न आणि स्वच्छता मिळूनही, कुणी उचलून न घेतलेली मुलं खंगत गेल्याचं त्यांना दिसलं होतं. बर्न यांनी तेच सूत्र मोठ्या माणसांना लावलं. प्रेमानं दखल घेतली गेली नाही तर माणूस भांडून दखल मिळवतो. कुणीच न बघण्यापेक्षा शिव्या परवडतात. क्लॉड स्टायनर या त्यांच्या सहकाऱ्यानं पुढे म्हटलं की दखलेची ही टंचाई आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. कौतुक मागू नये, स्वतःचं करू नये, दुसऱ्याचं सढळ हातानं करू नये, हे ते शिक्षण. मला ही मांडणी आजही बर्न यांच्या सगळ्या वर्गीकरणापेक्षा मोलाची वाटते.

वर्गीकरण मोठं आहे. जन्मभर पुरणारे खेळ, नवरा-बायकोचे, समारंभातले, स्त्री-पुरुष आकर्षणातले, गुन्हेगारी जगातले आणि डॉक्टरच्या खोलीतले, असे गट त्यांनी पाडले. काही चांगल्या खेळांनाही त्यांनी शेवटी जागा दिली. समारंभातले खेळ मराठी वाचकाला शिकवावे लागत नाहीत. ‘काय दिवस आलेत’ म्हणत एकमेकांच्या दुःखावर दुःख रचत जाणं, नव्या माणसात खोड काढल्याशिवाय स्वस्थ न बसणं, हे कोणत्याही लग्नाच्या मांडवात दिसतं. यजमानाच्या कपड्यांवर चहा सांडायचा, मग इतकी गयावया करून माफी मागायची की त्यालाच ‘जाऊ द्या हो’ म्हणावं लागेल आणि रागावायचा त्याचा हक्कच जाईल, हाही बर्न यांच्या यादीतला एक बारीक निरीक्षण केलेला खेळ.

मात्र त्याच मांडवातल्या प्रत्येक लटक्या बोलण्याला खेळ म्हणता येणार नाही. “अजून एक जिलबी घ्याच.” “नको नको, पोट भरलंय.” “माझी शपथ आहे.” यात दोघेही जाणतात की तिसऱ्या नकारानंतर जिलबी पानात पडणार आहे. हा विधी आहे. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९५५ साली दाखवलं की माणसं एकमेकांची अब्रू सांभाळण्यासाठी असे असंख्य छोटे विधी सतत करत असतात. खेळाच्या शेवटी बहुतेकदा कुणीतरी खजील होतं. आग्रहात दोघांचाही मान राहतो.

वेदनादायक खेळ घरातले. “तुझ्यामुळे माझं राहून गेलं” हा त्यातला बर्न यांना सर्वांत जास्त आढळलेला. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी : एका बाईची तक्रार होती की नवरा इतका करडा आहे की तिला कधी नाच शिकता आला नाही. उपचारांमुळे तिच्यात फरक पडला, नवराही मवाळ झाला, आणि तिनं नाचाच्या वर्गात नाव घातलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की नाचाच्या फरशीचीच तिला भयंकर धास्ती आहे. नवऱ्याचं बंधन आजवर तिला त्या भीतीपासून वाचवत होतं. शिवाय तक्रारीचा हक्क मिळत होता तो वेगळाच. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणणाऱ्या भाषेला हा शोध ओळखीचा वाटेल.

पण इथेच थांबावं लागतं. अंगण खरोखर वाकडं असेल तर? १९६० च्या आसपासच्या अमेरिकेत नवऱ्याच्या परवानगीशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या बायकांना सगळ्यांनाच नाचाची धास्ती नव्हती. पुष्कळजणींच्या वाटेत खरोखरच नवरा होता, पैसा होता, कायदा होता. बर्न यांनी सांगितलेल्या त्या एकीच्या बाबतीत निदान बरोबर असेल. तेच निदान सरसकट लावलं की बंदिवासाची तक्रारही खेळ ठरते. पुस्तकातला सर्वांत वाईट भाग हाच. स्त्रीनं पुरुषाला जवळ येऊ द्यायचं आणि मग अत्याचाराचा कांगावा करायचा, असाही एक ‘खेळ’ बर्न यांनी वर्णन केला. तो वाचून अत्याचाराच्या किती खऱ्या तक्रारी हसण्यावारी नेल्या गेल्या असतील याचा विचार केला तर संताप येतो. टेबलाशी बसलेले सगळे खेळाडू सारख्याच ताकदीचे आहेत, हे त्यांनी न तपासता धरून चाललेलं गृहीत आहे.

दारूचा खेळ या कसोटीवर अधिक खरा उतरतो, कारण त्यात सभोवतालची माणसं मोजली आहेत. बर्न यांच्या मते पिणारा एकटा हा डाव चालवू शकत नाही. त्याला छळणारी व्यक्ती लागते, ती बहुधा बायको. वाचवणारा लागतो, बहुधा डॉक्टर. विश्वास ठेवून पैसे देणारा किंवा पोटाला घालणारा एखादा भाबडा लागतो. आणि माल पुरवणारा. एका लग्नात बायकोच या सगळ्या भूमिका आळीपाळीनं वठवते. रात्री कपडे बदलते, सकाळी धारेवर धरते आणि दुपारी त्याच्या साहेबाला फोन करून ‘ताप आलाय’ सांगते. बर्न यांचं धक्कादायक म्हणणं असं, की डावाचं फळ पिण्यात नसून दुसऱ्या दिवशी सकाळच्या त्या आत्मताडनात आणि बोलणी खाण्यात आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसबद्दल त्यांना आदर होता, पण तिथेही डाव पूर्ण संपत नाही असं ते म्हणत. दारुड्याला वाचवणाऱ्याची भूमिका मिळते, एवढंच.

व्यसनाला जनुकं आणि मेंदूतली रसायनं यांचंही मोठं कारण असतं, हे आज कुणी नाकारत नाही. तरीही भोवतालच्या माणसांशी काम केल्याशिवाय भागत नाही, ही गोष्ट व्यसनमुक्तीच्या क्षेत्रानं अनुभवातून मान्य केली. अमेरिकेत कुटुंबीयांचे अल-अ‍ॅनॉन गट १९५१ पासून आहेत. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. अशा गटांत शिकावी लागते ती एक साधी, पण करायला महाकठीण गोष्ट. नवऱ्याच्या वतीनं खोटं बोलायचं नाही, त्याचं कर्ज फेडायचं नाही, त्याच्या पिण्याचा दोष स्वतःकडे घ्यायचा नाही. अशा बाईला ‘तू खेळ खेळतेस’ म्हणणं क्रूर आहे. तुझ्या हातात एवढं आहे, आणि त्याहून जास्त काही नाही, असं तिला सांगितलं तर ती मदत ठरते.

बर्न यांचे विद्यार्थी स्टीफन कार्पमन यांनी १९६८ साली या पसाऱ्यातून तीन भूमिका वेगळ्या काढल्या : छळणारा, वाचवणारा आणि बळी. त्रिकोणाच्या तीन टोकांवर त्या मांडल्या आणि परीकथांच्या आधारे दाखवलं की नाट्य भूमिकांमध्ये नसतं, त्या बदलतात त्या क्षणात असतं. थोरला भाऊ धाकट्याला धंद्यासाठी पैसे देतो, सल्ले देतो, ओळखी काढून देतो. वर्षभरानं धंदा बसतो. धाकटा म्हणतो, “दादा, तू मला काही करूच दिलं नाहीस.” आता वाचवणारा बळी झाला आणि बळी छळणारा. दादा चिडून सगळ्या नातेवाइकांसमोर हिशेब वाचून दाखवतो, की पुन्हा अदलाबदल. आई मध्ये पडते, तीही त्रिकोणात अडकते. इस्टेटीच्या भांडणांत, सोसायटीच्या सभेत, सामाजिक संस्थांमधल्या फुटींत हा त्रिकोण इतका स्वच्छ दिसतो की बर्न यांच्या लांबलचक यादीपेक्षा हे साधं चित्रच जास्त टिकलं. कार्पमन ज्याला बळी म्हणतात ती त्रिकोणातली भूमिका आहे. खरोखर ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस वेगळा. हा फरक विसरून हे चित्र वापरणारे समुपदेशक आणि कंपन्यांमधले प्रशिक्षक मात्र पुष्कळ आहेत.

बर्न यांच्या वर्तुळाबाहेरच्या संशोधनात ताकदीचा प्रश्न टाळता आलेला नाही. ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली दुहेरी पेचाची कल्पना मांडली. आई मुलाला जवळ ये म्हणते, आणि तो जवळ आला की अंग चोरते. तो दूर झाला की ‘तुला माझी माया नाही’ म्हणते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. स्किझोफ्रेनियाचं कारण म्हणून ही कल्पना टिकली नाही. पण पेचाची त्यांनी घातलेली एक अट अजूनही मोलाची आहे : मुलाला तिथून निघून जाता येत नाही. जो उठून जाऊ शकतो त्याच्यासाठी तीच आई फक्त विचित्र ठरते.

आडून विरोध करण्याला पहिल्यांदा ‘पॅसिव्ह-अग्रेसिव्ह’ असं अधिकृत नाव मिळालं ते १९४५ साली, अमेरिकी युद्ध खात्याच्या एका पत्रकात. उघड नकार न देता तोंड फुगवणारे, चालढकल करणारे, काम मुद्दाम बिघडवणारे सैनिक त्यात वर्णिले होते. हुकूम मोडला तर शिक्षा, तेव्हा सैनिकापाशी दुसरं काय उरतं? आज ऑफिसात ‘हो सर’ म्हणून फाइल पंधरा दिवस दाबून ठेवणाऱ्याला आपण तेच नाव देतो. पण त्याला ‘नाही सर’ म्हणायची मुभा होती का, हे आपण विचारत नाही.

उलट बाजूचं उदाहरण गॅसलाइटिंगचं. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकात नवरा चोरून माडीवर जाऊन दागिने शोधतो. वर गॅसबत्ती पेटली की खालची मंद होते. बायकोला ते दिसतं आणि नवरा तिला पटवत राहतो की हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. १९४४ साली इन्ग्रिड बर्गमन यांच्या चित्रपटानं हे नाव जगभर नेलं. यात अजाणतेपण नाही, हा सरळ कट आहे. समाजशास्त्रज्ञ पेज स्वीट यांनी २०१९ साली दाखवून दिलं की हा प्रकार चालतो तो बाईच्या सामाजिक दुबळेपणाच्या जोरावर; ‘बायका भावनाप्रधानच असतात’ हा समज आधीच हाताशी असतो म्हणून. जेनिफर फ्रायड यांनी १९९७ साली टिपलेला क्रमही याच कुळातला : गुन्हा नाकारायचा, तक्रार करणाऱ्यावर उलट चाल करायची आणि स्वतःच पीडित बनायचं. चोराच्या उलट्या बोंबा आपल्याला माहीत आहेतच. त्यांची ठरावीक चढण माहीत असली तर चौकशी समितीत बसलेल्या माणसाला ती ओळखता येते.

म्हणजे ‘मनाचा खेळ’ या एकाच नावाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. दोघांच्याही नकळत चालणारा आणि दोघांनाही काहीतरी देणारा डाव, एकानं जाणूनबुजून दुसऱ्यावर टाकलेला फास, आणि दुबळ्यानं शोधलेली आडवाट. शेवटचीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ती सर्वांत जास्त बदनाम आहे.

लेकी बोले, सुने लागे. सासू मुलीला म्हणते, “आमच्या वेळी पहाटे सडा झालेला असायचा हो.” ऐकायचं सुनेनं. बोलणं तिला उद्देशून नसल्यानं तिला उत्तर देता येत नाही. दिलं तर तीच उद्धट. बर्न यांच्या चौकटीत हा छुपा संदेश आहे, फळासकट. पण त्याच घरातली सून पहाटे जात्यावर बसून जे गायची तेही आडून बोलणंच. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाचं विसरणं हे सगळं ओवीत विठ्ठलाला नाहीतर सीतेला सांगायचं. शेजघरात जागे असलेल्यांनी ते ऐकायचं असेल तर ऐकावं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आकाराने दोन्ही बोलणी सारखीच : सांगायचं एकाला, पोचवायचं दुसऱ्याला. सासूला सरळ बोलता येत असताना ती आडून बोलते. सुनेला सरळ बोलायची सोयच नाही. या दोघींना एकाच रकान्यात घालणारं मानसशास्त्र मला अपुरं वाटतं. दिल्लीच्या पर्ल ड्रेगो यांनी १९८० च्या दशकात बर्न यांच्या मांडणीला ‘सांस्कृतिक पालक’ या कल्पनेची जोड दिली, ती याच उणिवेच्या दिशेनं जाते. माणसाच्या आत बोलणारा पालक फक्त त्याच्या आईबापांचा नसतो. जात, धर्म, घराणं आणि समाजही त्याच्या तोंडून बोलत असतात.

पुराव्याच्या बाबतीतही बर्न यांचा पाया डळमळीत आहे. खेळांची यादी निरीक्षणातून आली, प्रयोगातून नाही. कोणत्याही वागण्याला छुपं फळ चिकटवता येतं, आणि ‘मला ते नको होतं’ म्हणणाऱ्याला ‘तुला कळत नाही, ते नेणिवेत आहे’ असं सांगता येतं. त्यामुळे म्हणणं खोटं ठरवायची वाटच राहत नाही. दुसऱ्याला निदान ऐकवण्यासाठी हे शास्त्र वापरणं म्हणूनच गैर आहे. स्वतःसाठी ते उत्तम चालतं. एकाच तऱ्हेचं भांडण निरनिराळ्या माणसांशी होतं आहे, आणि दर वेळी शेवटी एकच भावना उरते आहे, असं लक्षात आलं तर ‘यातून मला काय मिळतं?’ हा प्रश्न स्वतःला विचारता येतो. त्याचं उत्तर पडताळून पाहणारा माणूसही आपणच असतो.

डाव मोडायचे उपायही बर्न यांनी खेळागणिक दिले. ‘हो, पण’साठी तो फार साधा आहे : सल्ला द्यायचा नाही. “अवघड आहे खरं. तुला काय करावंसं वाटतं?” एवढंच म्हणायचं. सुरुवातीच्या त्या बापाला हे विचारलं तर तो आधी गोंधळेल, कदाचित चिडेलही. बर्न यांनीच बजावलं आहे की सवयीचं फळ अचानक हिरावलं तर माणूस निराशेत जाऊ शकतो, किंवा डाव आणखी चढवतो. पण पुष्कळदा तो थोडा वेळ गप्प राहून दुसऱ्याच विषयावर येतो : मुलाशी बोलणंच बंद झालंय, दोन महिने झाले, आणि आपल्याला त्याची भीती वाटते. यावर सल्ला तयार नसतो कुणाकडे. गप्पा मात्र आता कुठे सुरू होतात.